डावीकडचा कागद

लिफ्टमधल्या त्या माणसाने क्षमा मागेपर्यंत आपल्याला काही झाले आहे याची तिला गंधवार्ताही नव्हती. तळमजल्यावर दार मिटता मिटता तो घाईने आत शिरला होता. हातांत पुठ्ठ्याचे मोठे खोके, आणि खोक्याच्या वर जेमतेम दिसणारे त्याचे कपाळ. चौघांच्या जागेत सहाजण उभे होते, आणि लिफ्टमध्ये माणसे पाहतात तसा जो तो दारावरच्या बदलत्या आकड्यांकडे पाहत होता. तिसरा मजला यायच्या थोडे आधी शेजारच्या वयस्क बाईंनी त्याला दटावले, "अहो, खोकं जरा मागे घ्या. त्यांच्या छातीत रुततंय." तो दचकला, खोके पोटाशी ओढून घेत पुटपुटला की माफ करा, खरंच लक्षात आलं नाही. तिने मान खाली घालून पाहिले. तिच्या कपड्याच्या डाव्या बाजूला खोक्याच्या कोपऱ्याची खोल खळी पडली होती, आणि ती खळी हळूहळू आपोआप वर येत होती. लक्षात तिच्याही आले नव्हते. हे मात्र ती बोलली नाही. असू द्या, असे म्हणून ती बाहेर पडली, आणि तिच्या पाठीमागे दार मिटले.

स्पर्श झाला तो तिला आणि कळला तो दुसऱ्यांना, या विचाराने तिची पावले व्हरांड्यात मंदावली. ज्या वस्तूला भिंतीसारखे रेटता येते आणि जिच्या धन्याला त्याची वार्ता नसते, तिला आपले अंग म्हणावे की सामान? रोगापायी तिचा डावा स्तन काढून टाकल्याला सतरा महिने झाले होते. रोग गेला, असे सर्व अहवाल एकमुखाने सांगत होते. चार महिन्यांपूर्वी त्या रिकाम्या जागी, कातडीच्या आणि स्नायूच्या खाली, एक मिटलेली पिशवी बसवण्यात आली; दर पंधरवड्याला परिचारिका एक लहानसे चुंबक छातीवर फिरवून पिशवीच्या तोंडाची जागा शोधी आणि सुईने तीत मीठपाणी भरी. पुढचे दोन दिवस कोणी छातीभोवती पट्टा आवळून ठेवल्यासारखे वाटे, मग कातडी सैलावे आणि पुन्हा भरण्याचा दिवस येई. उद्या सकाळी ती पिशवी निघायची होती. तिच्या जागी कायमचा मऊ गोळा बसवावा, की काहीच न बसवता सपाट शिवून टाकावे, हे ठरवायला तुम्हाला उद्या सकाळपर्यंत मोकळीक आहे, असे शल्यवैद्याने सांगितले होते. तिने गोळा बसवा म्हणून केव्हाच सांगून टाकले होते. तिच्या मनात प्रश्न उरला नव्हता. आता, कुलपात किल्ली फिरवताना, तो उरला आहे असे तिच्या ध्यानात आले.

तिचे शिवणकामाचे दालन लांबट होते: मध्यभागी बेतण्याचे टेबल, भिंतीकडेने तीन यंत्रे, खिडकीपाशी लाकडी पायावर उभा कापडी पुतळा, आणि पलीकडच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत टांगलेले तपकिरी कागद. एकतीस वर्षांत ज्या ज्या स्त्रियांचे कपडे तिने बेतले त्यांच्या देहांचे ते आराखडे होते, आणि प्रत्येक कागद अर्धाच होता. कापडाची घडी घालावी, कागद घडीवर टेकवावा आणि एका कापात दोन्ही बाजू काढाव्यात, अशी या विद्येची रीत. देहाची दोन अर्धे सारखी आहेत या गृहीतावर सारी विद्या उभी, आणि ती सारखी नसतात हे शिवणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ज्या वृद्ध मास्टरांपाशी ती शिकली ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते की माप घेताना नजर फितीवर ठेवायची, अंगावर नाही. अंग देवाने बेतलेले आहे, त्यात खोट काढणारे आपण कोण. खोट काढायची नाही, ती भरून काढायची. उतरत्या खांद्याला आतून कापसाची पातळ घडी, पुढे आलेल्या पोटासाठी टक्स थोडे तिरके, आणि कागदाच्या कोपऱ्यात फक्त आपल्याला वाचता येतील अशी पेन्सिलीची टिंबे. गिऱ्हाइकाला कधी सांगायचे नाही. आरशात पाहून ती स्त्री प्रसन्न झाली, की आपले काम पूजेसारखे संपन्न झाले असे समजायचे. या मौनाचा तिला तीस वर्षे अभिमान वाटत आला होता. स्वतःचा कागद मात्र सतरा महिन्यांपूर्वी तिला दोन तुकड्यांत करावा लागला. उजवीकडचा जुनाच राहिला. डावीकडचा नव्याने आखताना तिच्या खडूला छातीपाशी कुठे वळावे ते कळेना, आणि ती बराच वेळ त्या सरळ रेषेकडे पाहत राहिली होती.

काजे करणारी बाई आधीच येऊन बसली होती. दालनात सगळे तिला काजवाली म्हणत, आणि ती मालकिणीला मास्टरबाई म्हणे. मालकिणीच्या दुखण्याबद्दल कुजबुजत बोलण्याची पद्धत काजवालीने पहिल्याच आठवड्यात मोडून काढली होती. आजही तिने सुईत दोरा ओवत चौकशा सुरू केल्या. भूल किती वेळाची, नळ्या लावतात का, हात वर कधी करता येईल. रुग्णालयाने दिलेली पुस्तिका पाठ झाल्यासारखी मास्टरबाई उत्तरे देत गेली: दोन रात्री तिथे, एक नळी चार-पाच दिवस, सहा आठवडे जड काही उचलायचे नाही, कोपर खांद्याच्या वर न्यायचे नाही, झोपायचे उताणे. म्हणजे कात्री बंद, असे काजवाली म्हणाली आणि स्वतःवरच खूश होऊन हसली. आता दीड महिना बेतणार मी, गिऱ्हाइकं पळाली तर मला बोल नाही लावायचा. मग दोरा दाताने तोडून तिने सहज विचारले, "पण काय हो मास्टरबाई, घरी गेल्यावर घट्ट वाटलं, सैल वाटलं, तर देतात का ते करून? आपण देतो तसं?"

ती हसली, आणि हसता हसता तिचा हात टेबलावर थबकला. तीन आठवड्यांपूर्वी शल्यवैद्याने तिच्यापुढे दोन नमुने ठेवले होते. रुंदीला दोन्ही सारखे, उंचीला एक जास्त. हा तुमच्या उजव्याच्या जोडीचा, आणि हा थोडा भरीव. पुष्कळजणी भरीव घेतात, मग वाटलं तर पुढे उजवा थोडा उचलून घेतात, असे त्याने सांगितले होते. तिने तळहातावर तो पारदर्शक, थंड, अंगच्या ओलाव्याशिवाय ओलसर भासणारा गोळा घेतला आणि क्षणाचाही विचार न करता मोठ्याकडे बोट दाखवले होते. त्याने लिहून घेतले. आजपर्यंत तिला वाटत होते की ती निवड होती. काजवालीच्या एका वाक्याने तिला दिसले की ती निवड नव्हती, सवय होती. कापड बेतताना ती कोणाच्याही मापाला कधी तंतोतंत कापत नसे. शिवणीच्या आत बोटभर माया ठेवायची, म्हणजे उद्या अंग भरले तर उसवून सैल करता येते, आणि नाही भरले तर आत दुमडलेली राहते, कोणाचे काही बिघडत नाही. अंगात बसायच्या गोळ्यालाही तिने माया ठेवली होती. हा खुळेपणा जगात दुसऱ्या कोणाच्या हातून झाला नसता. त्यातही त्या शल्यवैद्यानेच तिला फसवले होते. पिशवी शेवटी शेवटी गरजेपेक्षा थोडी अधिक भरताना तो म्हणाला होता की कातडी जरा जास्त ताणून ठेवू, म्हणजे नंतर नैसर्गिक पडेल, आणि ते ऐकून हा माणूस आपल्याच बिरादरीतला असे तिला वाटून गेले होते.

दुपारभर ती कापड चुकीच्या बाजूने टेबलावर अंथरत राहिली. एकदा तिने खडू उचलला आणि कशासाठी उचलला ते विसरली. ज्या जागी चार महिने कातडी ताणली गेली होती तिथे हात नेऊन ती हलकेच दाबून पाहत होती: वरच्या कडेशी बोट लागले की कळे, जरा खाली सरकले की बोटालाच छाती कळे, छातीला बोट नाही. पुस्तिकेत हे लिहिले होते. संवेदना पूर्णपणे परत येईल अशी अपेक्षा करू नये. त्या पुस्तिकेत अपेक्षा हा शब्द वारंवार येई. सूज अपेक्षित आहे. जखडल्यासारखे वाटणे अपेक्षित आहे. ही वस्तू जन्मभर पुरेल अशी अपेक्षा नाही, काही वर्षांनी बदलावी लागू शकते. या सगळ्यात एकच वाक्य असे होते की ते वाचताना ती प्रत्येक वेळी थांबे: शरीर या वस्तूभोवती स्वतःच एक पातळ आवरण विणते. कोणी न सांगता, कोणी न शिकवता, परक्या वस्तूला आतून अस्तर लावणारा हा कोण कारागीर, असा प्रश्न पडून तिचे मन नम्र होई. कधी हेच आवरण आवळते आणि कठीण होते, असेही पुढच्या ओळीत होते. म्हणजे त्या कारागिराचाही हात केव्हा केव्हा चुकतो. तिला बरे वाटले. आणि मग पुन्हा बरे वाटेनासे झाले, कारण आवरण विणणे म्हणजे स्वीकारणे की वेगळे ठेवणे, हे पुस्तिकेत नव्हते.

पूर्वी एक मुख्याध्यापिका होत्या. एकोणीस वर्षे त्यांचे कपडे तिने बेतले. उजवा खांदा डाव्याहून चांगला दीड बोट खाली. एकोणीस वर्षे ती आतून घडी घालत आली. एका दुपारी त्या बाई स्वतः एक जुना कोट उसवून घेऊन आल्या, आणि अस्तराच्या आतली कापसाची घडी त्यांनी टेबलावर ठेवली. ती ओशाळली. आपल्या हातून काही चुकले असेल तर सांगा, असे काहीतरी तिने म्हटले. बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सोपे झाले असते. "चुकलं काही नाही," त्या म्हणाल्या. "फार सुबक आहे. पण खांदा माझा होता ना? एकदा विचारायचं होतं." त्यानंतर त्या आल्या नाहीत, आणि त्यांचा कागद भिंतीवर तसाच राहिला. त्या वेळी तिला त्या कृतघ्न वाटल्या होत्या. आज टेबलाच्या कडेला टेकून उभी असताना तिला वाटू लागले की आपण उद्या जे करून घ्यायला निघालो आहोत तीही आतून घातलेली घडीच आहे, फक्त या वेळी गिऱ्हाईकही आपणच. आणि या वेळी तरी कोणी विचारले आहे का? शल्यवैद्याने आकार विचारला. परिचारिकेने कोणती औषधे सोसत नाहीत ते विचारले. हवे आहे का, असे तिने स्वतः तरी स्वतःला कुठे विचारले होते? दुखणे कळले त्या दिवसापासून सगळे जणू एका सरळ शिवणीवरून धावत गेले होते, पायाखाली पट्टी दाबली की यंत्र धावते तसे.

तिन्हीसांजेला ती घरी पोहोचली तेव्हा नणंद येऊन बसली होती, उद्यापासूनचे दोन दिवस घर सांभाळायला. वन्संच्या बोलण्याला धार होती आणि हाताला माया. त्यांनी आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतले होते आणि भावजयीची पिशवीही भरून ठेवली होती, पुढून उघडणारे दोन सदरे, सैल चपला, चष्मा. एवढे सगळे नीट करून मग त्यांनी तोंड उघडले. रोग काढला, शहाणपणा केला, त्याबद्दल त्यांचे काही म्हणणे नव्हते. "पण जे कोणाला दिसायचं नाही त्याच्यावर एवढी कारागिरी कशाला गं, छप्पन्नाव्या वर्षी?" तिने चपला पिशवीतून काढून पुन्हा पिशवीत घातल्या. "अस्तरही कोणाला दिसत नाही, वन्सं," ती म्हणाली, "वेडंवाकडं लावलं तर कोट अंगावर बसत नाही." वन्संनी भुवया उंचावल्या आणि बोलण्यात हरवायला तुला माझ्या भावाच्या दुकानातच बसवायला हवं होतं, असे काहीसे पुटपुटत त्या भाजी चिरायला निघून गेल्या. उत्तर चांगले वठले होते. पण खोलीत एकटी उरल्यावर तिला ते उत्तर तयार कपड्यासारखे वाटले, कोणाच्याही अंगावर बसेल असे. आणि ती येरझारा घालू लागली. खिडकी ते कपाट सात पावले. कपाटाच्या दाराला आरसा होता, म्हणून ती सहा पावलांवरून वळत होती.

नवरा दुकान बंद करून आला. चष्म्याची भिंगे घासून बसवून देण्याचे त्याचे काम. चाळीस वर्षे लोकांच्या डोळ्यांपुढे एक भिंग काढून दुसरे घालत तो विचारत आला होता, हे बरं की ते? तिच्या आजारात तो सावलीसारखा बरोबर होता. नळीतला स्राव मोजून वहीत लिहिणे, जखमेची पट्टी बदलणे, तिच्या डोक्यावर पाणी घालणे, सगळे त्याने बारीक भिंग हाताळावे तशा हाताने केले होते. बोलला मात्र नव्हता. आता तो पलंगाच्या कडेला बसून बुटांचे बंद सोडत होता, आणि तिच्या तोंडून निघून गेले, "आयुष्यभर लोकांना विचारलंत, हे बरं की ते. मला एकदा तरी विचारायचं होतंत." त्याने एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही जोडीने पलंगाखाली सरकवले. मग म्हणाला की तो विचारणार होता, पुष्कळदा. "पण मी विचारलं असतं तर तू माझ्या तोंडाकडे बघून उत्तर दिलं असतंस. लोक देतात. भिंग धूसर असलं तरी म्हणतात, हे बरंय. मला वाईट वाटू नये म्हणून."

"मग तुम्हाला काय वाटतं, ते सांगूच नका," ती म्हणाली, आणि आपला आवाज चढल्याचे तिचे तिलाच कळले. "म्हणजे तुम्ही मोकळे."

"मोकळा कसला? दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेलो असतो. अगं, मी हो म्हटलं तर ते माझ्यासाठी केलेलं होईल. नाही म्हटलं तर माझ्यासाठी न केलेलं. दोन्हीत तू कुठे?"

तिला राग आला होता, आणि त्या रागाला धरायला कुठे कड नव्हती. जेवणाआधी तिने न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि भिंतीवरच्या लहान आरशापुढे अंगावरचे वस्त्र उतरवून उभी राहिली. मास्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिची नजर आपोआप खाली, फितीच्या जागी गेली; तिने ती बळेच वर आणली. उजवीकडे छप्पन्न वर्षांचा, किंचित ओघळलेला, दोन मुली पाजलेला स्तन, शांत, थकलेल्या माणसासारखा. डावीकडे ताणलेल्या कातडीचा एक ताठ उंचवटा, त्यावरून आडवा गेलेला फिकट व्रण, अजून कोणाचाच न झालेला. तिने स्वतःला विचारले, अगदी गिऱ्हाइकाला विचारावे तसे, कोरडेपणाने: कोणासाठी? लोकांसाठी नाही, कपड्यांच्या आत कापूस घालून लोकांना फसवणे तिला कोणी शिकवायला नको होते, वर्षभर तिने ते बेमालूम केले होते. नवऱ्यासाठी नाही, तो आताच स्वतःहून बाजूला होऊन बसला होता. सपाट राहण्यात तिला लाजही नव्हती. मग काय? पिशवी बसण्याआधीच्या महिन्यांत पाणी अंगावर घेताना खाली पाहिले, की डाव्या बाजूने थेट पावले दिसत; आणि ती दिसली की दर वेळी तोल चुकल्यासारखे होई, पायरी संपली असे समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसे. एवढेच होते. या कारणात काही उदात्त नव्हते, कोणाला सांगून पटण्यासारखेही नव्हते, पण ते तिच्या मापाचे होते. कळले नाही तरी चालेल, तिथे असावे. केसांना कुठे काय कळते, नखांना कळते का? पण ते आपल्यातून उगवतात, हे मन लगेच म्हणालेच. ती त्या मनाला उत्तर देत बसली नाही. थंडी वाजू लागली होती.

सकाळी रुग्णालयाच्या खोलीत परिचारिकेने तिला पुढून उघडा सदरा दिला, मनगटाला पट्टी बांधली, आणि उपाशी आहात ना, याची तिसऱ्यांदा खात्री करून घेतली. शल्यवैद्य आला. तरुण होता, नाकावर चष्मा, आणि चष्म्याची एक दांडी किंचित वाकडी, नवऱ्याने पाहिली असती तर हात शिवशिवले असते. विचार पक्का आहे ना, असे त्याने विचारले. ती म्हणाली की आहे, पण मोठा नको, उजव्याच्या जोडीचा. तो थोडा चकित झाला, कारण मोठा तिने किती झटकन सांगितला होता हे त्यालाही आठवत होते. तेव्हा तिने त्याला शिवणीतल्या मायेची सगळी गोष्ट सांगितली. तिला वाटले तो हसेल. तो हसला नाही, त्याने खुर्ची ओढली, लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाला, "माया आम्ही कातडीत ठेवतो, बाई. आत घालायच्या वस्तूला माया नसते. ती नंतर उसवून कमी करता येत नाही, बदलावीच लागते." दोन्ही निर्जंतुक करून ठेवलेले आहेत, लहान बसवतो, असे सांगून त्याने परिचारिकेला कागदावर फेरफार करायला लावला, आणि तिने त्या फेरफारापुढे सही केली.

मग त्याने तिला उभे राहायला सांगितले. झोपवल्यावर अंग पसरते, म्हणून आखणी उभ्यानेच करायची असते, असे तो म्हणाला, आणि जांभळ्या शाईचे पेन उघडून कंठाच्या खळगीपासून खाली बरोबर मध्यरेषा काढू लागला. रेषा काढताना त्याची नजर पेनाच्या टोकावर होती, अंगावर नाही. तिला ते आवडले. तिने मान वर केली, पाठ ताठ झाली. आणि मग तिला एकतीस वर्षे पाहिलेली गोष्ट आठवली, की माप घ्यायला उभे केले की प्रत्येक स्त्री ताठ होते आणि खोटे माप देते. तिने श्वास सोडला, खांदे टेबलापाशी असतात तसे उतरू दिले. "मी अशी उभी असते," ती म्हणाली. त्याने मान डोलावली आणि पुन्हा आखले. उजव्या स्तनाखालच्या घडीवर एक कमान आली. डावीकडे, ताणलेल्या कातडीवर, दुसरी कमान. मग दोन पावले मागे सरून त्याने मान तिरकी केली, समाधानाने. परिचारिकेने आरसा समोर धरला. कमानी स्वच्छ होत्या, हात सराईत होता. पण डावी कमान उजवीपेक्षा अर्धे बोट वर होती. तिने ते सांगितले.

"मुद्दामच," तो म्हणाला. "थोडं वर बसलं की छान दिसतं. तरुण दिसतं."

तिने हात पुढे केला. काय हवे आहे ते त्याला क्षणभर कळले नाही, मग कळले, आणि त्याने पेन तिच्या हातात दिले. आरशात पाहत, डावा हात कमरेवर टेकवून, तिने त्याच्या कमानीखाली अर्धे बोट सोडून एकच रेषा ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खडू ओढावा तशी. शाई कातडीला लागताना काहीच जाणवले नाही; रेषा नुसती दिसत गेली.

"उजवी छप्पन्न वर्षांची आहे," ती म्हणाली.

शल्यवैद्याने दोन्ही रेषांकडे पाहिले. मग स्पिरिटचा बोळा घेतला आणि वरची, स्वतःची रेषा पुसून टाकली.